वळवात पडलेला आंबा: फळ्या एका दिवसाच्या, टेबल दोन उन्हाळ्यांनंतरचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाटण तालुक्यात तुमच्या घरामागे आजोबांनी लावलेला रायवळ आंबा मेच्या वळवात मुळासकट आडवा झाला. बुंध्याचा घेर सहा फूट. व्यापारी जळणाच्या भावात मागतोय, पण तुमच्या मनात त्याचं जेवणाचं टेबल आणि बाक करून घरातच ठेवायचं आहे. भावाकडे ५८ सीसीचा, २२ इंची बारचा (साखळी ज्या पट्टीवर फिरते ती) चेनसॉ आहे. घरीच फळ्या काढता येतील का, आणि गणपतीपर्यंत टेबल होईल का, असं तुम्ही विचारलंय.

गणपतीपर्यंत होणार नाही. पण टेबल होईल, आणि नीट केलं तर तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. पुढचे दोन-तीन आठवडे घाई करा आणि त्यानंतर दोन उन्हाळे अजिबात घाई करू नका. लोक नेमकं याच्या उलट वागतात. ओंडका ताडपत्रीखाली पावसाळाभर पडून राहतो, बुरशी धरतो, किडा लागतो, आणि दिवाळीला सुताराला बोलावून महिन्याभरात टेबल मागतात. मी सांगली जिल्ह्यात भिलवडीजवळ राहतो, तीन पिढ्या सुतारकी आहे, आणि आंब्याचे असे वाया गेलेले बुंधे पाहिले की जीव तुटतो.

कापायच्या आधी कागदाचं बघा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा आहे. साग, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ हेही त्यातच येतात. झाड आपोआप पडलेलं असलं तरी तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या, पडलेल्या अवस्थेतले फोटो काढा आणि सातबारा घेऊन वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जा. ओंडका रस्त्यावर आणायच्या आधी वाहतूक परवान्याचं तिथेच विचारा. गाव नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर १९७५ चा झाडांच्या जतनाचा वेगळा कायदा लागतो. एक-दोन खेपा होतील, पण ट्रॉली नाक्यावर अडकण्यापेक्षा ते बरं.

आता लाकडाबद्दल. आपल्याकडे आंबा म्हणजे पेट्यांचं, सेंट्रिंगच्या फळ्यांचं आणि सरणाचं लाकूड, अशी समजूत पक्की आहे. पण जोधपूरहून परदेशी जाणाऱ्या फर्निचरमध्ये आंबा भरपूर असतो. रेषा सुंदर, रंध्याला बरा, खिळा-स्क्रू नीट धरतो. सागाच्या गाभ्यासारखं किडीला तोंड द्यायचं बळ मात्र त्याच्यात नाही. त्यामुळे ओला आंबा जमिनीवर पडला की उन्हाळ्याच्या गरमीत आठ-पंधरा दिवसांत निळसर काळी बुरशी आत शिरते, आणि मागोमाग पोखरणारे किडे येतात. म्हणून ही घाई.

पहिलं काम आज करा. बुंध्याला मुळं अजून जोडलेली असतील तर कापताना फार जपा. झाडाचं वजन सुटलं की मुळांचा गड्डा झटकन परत खड्ड्यात उभा राहतो. त्या बाजूला माणूस, मूल, जनावर कुणीही नको, आणि हा पहिला काप झाडं तोडण्याचा रोजचा सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तुकडे पाडले की त्याच संध्याकाळी दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट किंवा वितळवलेलं मेण जाड थापा. लाकडातलं पाणी टोकांतून बाकीच्या अंगापेक्षा कितीतरी पट वेगानं निघून जातं, आणि तिथूनच चिरा पडायला लागतात. सहा फुटी टेबल हवं असेल तर तुकडा सात फुटी ठेवा. दोन्हीकडचे सहा-सहा इंच चिरांना द्यायचेच असतात.

मग लोखंड शोधायचं. घरामागच्या झाडात हमखास खिळे असतात, कपडे वाळत घालायच्या तारा असतात. एकदा आमच्याकडे आलेल्या आंब्यात करवत खर्रकन थांबली. पाहिलं तर सालीपासून चार इंच आत पाळण्याचं लोखंडी कडं होतं, पूर्ण गिळलेलं, बाहेरून मागमूस नाही. फळीवर मात्र त्या कड्याभोवती वीतभर लांबीचा निळा-काळा डाग होता, शाई सांडल्यासारखा. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड एकत्र आलं की असा रंग येतो. म्हणून चिरताना तसा डाग दिसला की तिथेच थांबा. त्याच्याआधी हाताने धरायचा मेटल डिटेक्टर मिळाला तर फिरवून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, झोका कुठे बांधायचो, तार कुठे होती. हे विचारणं मशीनइतकंच उपयोगी पडतं.

आता चेनसॉचा प्रश्न. सहा फूट घेर म्हणजे व्यास साधारण २३ इंच. ओंडक्यातून फळ्या काढायची चौकट बारवर आवळली की २२ इंची बारपैकी कामाचे उरतात जेमतेम १८. म्हणजे बुंध्याचा मुख्य तुकडा त्यातून एका दमात जाणारच नाही. शिवाय ५८ सीसीचं मशीन आडवं कापायला पुरतं, पण उभं चिरताना त्याचा दम निघतो. माझं मत असं: बुंध्याचा सात फुटी तुकडा वखारीतल्या बँडसॉवर चिरून आणा, आणि वरचा, साडेचार फूट घेराचा तुकडा घरी चेनसॉने चिरून बघा. त्याचा व्यास १७ इंचांच्या आसपास भरतो, तेवढा चौकटीत बसेल.

वखारीत न्यायचं दुसरंही कारण आहे. चेनसॉची साखळी एका चिरेत तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड भुशात घालवते, बँडसॉचं पातं अर्ध्या सुताच्या आसपास. दोन इंची फळ्या काढल्या तर तुमच्या ओंडक्यात एवढ्यानेच जवळजवळ एक अख्खी फळी कमी होते. आणि वखारीत किंवा व्यापाऱ्याकडे जाताना घेर स्वतः मोजून जा. घेराचा चौथा भाग १८ इंच, त्याचा वर्ग ३२४, भागिले १४४ म्हणजे सव्वादोन, गुणिले सात फूट, असे पावणेसोळा घनफूट होतात. खरं लाकूड त्यात वीस घनफुटांच्या घरात असतं, कारण ही जुनी पद्धतच गोल ओंडक्याचा पाचवा हिस्सा सोडून देते. तुकड्याचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास भरेल. चार माणसांनी उचलायच्या फंदात पडू नका, जेसीबी किंवा साखळीचा ब्लॉक बघा.

घरी चिरायच्या तुकड्यासाठी भावाला एवढं सांगा. नेहमीची साखळी आडव्या कापासाठी ३० अंशांत घासलेली असते. उभं चिरायला दात १० अंशांच्या आसपास घासून घ्यावे लागतात, म्हणजे भुसा बारीक येतो आणि फळी गुळगुळीत निघते. पहिल्या चिरेसाठी ओंडक्यावर सरळ शिडी किंवा गुण्यात असलेली जाड फळी स्क्रूने पक्की बसवा. ती पहिली चीर सरळ गेली तर पुढची प्रत्येक फळी तिच्या आधाराने सरळ येते. ओंडक्याचं एक टोक वीतभर उंच ठेवून उताराकडे चिरत जा, मशीन स्वतःच्या वजनाने सरकतं. मागे पाचर मारत राहा, नाहीतर फळी बारवर बसते. पेट्रोलची प्रत्येक टाकी संपली की साखळी घासा, चीर संपल्यावर मशीन एकदम बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवून थंड होऊ द्या. कानाला मफ, डोळ्याला गॉगल, नाकाला मास्क. आंब्याचा चीक ज्यांना बाधतो त्यांना भुसाही बाधतो, अंगावर पुरळ उठतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

जाडी किती ठेवायची? वाळून, रंधून दोन इंच हवी असेल तर सव्वादोन इंच काढा. आणि ओंडक्याचा अगदी मधला बिंदू ज्या फळीत येतो ती फळी मधोमध फाटणारच, हे धरून चाला. ती तिथेच उभी चिरून दोन अरुंद फळ्या करा आणि मधला दोन-अडीच इंचांचा पट्टा काढून टाका. बाकासाठी त्या चांगल्या. फांद्यांच्या फळ्या काढू नका. आडव्या वाढलेल्या फांदीत ताण भरलेला असतो, वाळताना ती पिळवटते.

फळ्या निघाल्या त्याच दिवशी औषध. दहा लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवा आणि ब्रशने सगळ्या बाजूंना दोन-तीन हात द्या. लाकूड ओलं असतानाच हे काम होतं, कारण औषध लाकडातल्या पाण्यातून आत झिरपतं. वाळलेल्या फळीला लावलं तर वरच राहतं. पावसाचं पाणी लागलं तर ते धुऊनही जातं. हातमोजे घाला, बादली पोरांपासून आणि गुरांपासून लांब ठेवा. माझे आजोबा बाभळीच्या लाकडासाठी वेगळी पद्धत वापरायचे: औताचं, गाडीचं लाकूड ओढ्याच्या डोहात दोन-तीन महिने बुडवून ठेवायचे. त्याने लाकडातली साखर आणि पिठूळ अंश निघून जातो आणि किड्याला खायला काही उरत नाही. आंब्याला मी ते करत नाही, बोरॅक्स पुरतं.

इथून पुढचं सगळं वाळवण्याचं, आणि खरं टेबल इथे घडतं.

तासगाव, कवठेमहांकाळ भागातली बेदाण्याची शेड पाहिली असेल. वर छप्पर, बाजू मोकळ्या, जाळीवर द्राक्षं पसरलेली, आणि वारा आरपार. द्राक्षं उन्हात टाकत नाहीत, सावलीत वाऱ्यावर वाळवतात. फळ्यांचंही तसंच आहे. ऊन फक्त वरची कातडी सुकवतं, आतलं ओलं राहतं, आणि कातडी फाटते.

पण तुमच्या-माझ्या हवेत फरक आहे. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास. तुमचं पाटण पहिल्या जातीचं. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे लाकूड वाळत नाही, फक्त चिरा न पडता थांबून राहतं. त्या काळात शत्रू बुरशी आहे. म्हणून फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, चारही बाजूंनी हवा खेळू द्या, फक्त पावसाची झड लागू नये एवढा आडोसा करा. गोठ्यात ठेवू नका, तिथे शेणामुताची वाफ असते. पत्र्याखालच्या माळ्यावर तर पहिल्या वर्षी मुळीच नको, तो भट्टीसारखा तापतो. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की शत्रू बदलतो, कोरडा वारा चिरा पाडतो. तेव्हा वाऱ्याच्या बाजूला गोणपाट टांगा आणि डिसेंबरनंतर काढून टाका.

रचायचं असं. जांभ्याचे चिरे किंवा सिमेंटचे ठोकळे घेऊन जमिनीपासून दीड फूट उंच पाया करा. पाया गवंड्याच्या पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा. यात कंटाळा करू नका. पाया वाकडा असेल तर फळी तशीच वाकडी वाळते आणि मग दोन इंचातला पाऊण इंच रंध्याखाली जातो. दोन फळ्यांमध्ये इंच-इंच चौकोनी, पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या, सात फुटी फळीला पाच-सहा. खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या एकाच ओळंब्यात, एकीखाली एक. मध्ये एखादी सरकली तर तिथे फळीला पोक येतो. पट्ट्या ओल्या आंब्याच्या करू नका, काळे आडवे डाग उठतात ते रंधूनही जात नाहीत. सगळ्यात वर ठोकळ्यांचं वजन ठेवा. फळी जिकडे साल होती त्या बाजूला वाटीसारखी वळू बघते, वजन तिला दाबून धरतं. प्रत्येक फळीवर खडूने नव्हे, ऑइलपेंटने तारीख आणि नंबर टाका.

माझ्या एका रचलेल्या थराचं ऑगस्ट २०१९ च्या महापुरात काय झालं ते सांगतो. कृष्णेचं पाणी शेडमध्ये शिरलं आणि फळ्या तरंगून पत्र्याला टेकल्या. पाणी उतरल्यावर मी त्या तशाच परत रचल्या, कारण घर साफ करायचं होतं, माणसांचं बघायचं होतं. पट्ट्यांच्या फटीत गाळ राहिला. त्या गाळानं ओल धरून ठेवली आणि प्रत्येक पट्टीच्या जागी बुरशीचा हातभर पट्टा उमटला. आता मी दर पावसाळ्यानंतर थर पूर्ण उतरवतो, फळ्या कोरड्या ब्रशने झाडतो, पट्ट्या तपासतो आणि उलटसुलट करून पुन्हा रचतो. तुमच्याकडे पूर नसला तरी हे करा. दसरा झाला की एक दिवस यासाठी काढा.

इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशोब आहे. आपल्या उन्हाळ्यात थोडं लवकर होतं, पण अंदाजावर जाऊ नका, वजन करा. सात फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वादोन इंच जाड ओली फळी पन्नास-पंचावन्न किलोंची असेल, ती वाळून पस्तीस-अडतीसवर येईल. धान्याच्या काट्यावर एकच ठरावीक फळी दर महिन्याला मोजा आणि भिंतीवर लिहीत जा. उन्हाळ्यात दोन महिने आकडा हलला नाही की फळी हवेशी जुळली. आणखी खात्री हवी तर टेबलाला न लागणाऱ्या एखाद्या फळीच्या टोकापासून फूटभर आतून छोटा तुकडा कापा. समजा तो १६८ ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास ठेवून वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवा. १५० ग्रॅमवर थांबला तर १८ भागिले १५०, म्हणजे १२ टक्के ओल. दहा ते बारा टक्क्यांवर टेबल करायला घ्या. वीसवर असेल तर पुन्हा थरात.

आणि शेवटचा दीड-दोन महिना फळ्या ज्या खोलीत टेबल राहणार तिथेच उभ्या करून ठेवा. कुणी नातेवाईक माणला किंवा जतला असतील आणि तुम्ही दुसऱ्या उन्हाळ्यात फळ्या तिकडे वाळवल्या, तर हे जास्तच गरजेचं. तिकडून खडखडीत होऊन आलेली फळी पाटणच्या पावसात फुगते.

एवढं थांबायचं का, असं वाटेल. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या सतारमेकर गल्लीत जुन्या वाळलेल्या लाकडाची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मला ती एका गिऱ्हाइकाच्या घरी समजली. सुरुवातीच्या काळात मी आठ महिने वाळलेल्या आंब्याचं टेबल दिलं होतं, लोखंडी फ्रेमवर दहा बोल्ट आवळून. मार्चमध्ये त्यांचा फोन आला: रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, सगळे उठून बसले, आणि फळी मधोमध अडीच फूट फाटलेली. चूक पूर्ण माझी होती. फळी ओली होती आणि तिला आक्रसायला जागाच ठेवली नव्हती. मी टेबल परत घेतलं आणि पुढच्या वर्षी नवीन करून दिलं.

म्हणून जोडणीत एकच गोष्ट डोक्यात ठेवा: लाकूड लांबीला हलत नाही, रुंदीला हलतं, आणि वाळल्यावरही आयुष्यभर हलत राहतं. दोन फूट रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा दीड-दोन सूत कमी-जास्त होते. फ्रेमच्या भोकांना रुंदीच्या दिशेने लांबट करा, बोल्टखाली वायसर द्या, घट्ट पिळू नका. फळीभोवती चौकट ठोकू नका. तुमच्या फळ्या दीड फुटी, म्हणजे टेबलाला दोन लागतील. त्या डिंकाने जोडण्याऐवजी मध्ये अर्धा इंच फट ठेवून शेजारी-शेजारी बसवा, प्रत्येकीला आपापलं हलू द्या. एखादी चीर असेल तर खालून सागाचा डमरूच्या आकाराचा तुकडा रुतवून तिला तिथेच थांबवता येतं. पाय बाभळीचे किंवा सागाचे करा, पायाच्या भोकात कुसू नीट बसवून. आंब्याचे पाय फरशी पुसताना रोज ओले होतील, ते मला पटत नाही.

पॉलिशचं लांबवत नाही. जेवणाच्या टेबलाला रोज पाणी, हळद, गरम भांडी असतात, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) बरं. बाकाला मात्र डबल बॉइल्ड जवसाचं तेल चार भाग आणि महाबळेश्वरकडून येतं तसं मधमाश्यांचं मेण एक भाग, पातळ हात देऊन पुसून काढा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

कडेचे उरलेले तुकडे जळणात घालू नका. इंचभर जाडीच्या फळ्या काढून त्याच थरात वर ठेवा, पुढच्या एप्रिलपर्यंत त्या वाळतील. त्यातून जेवायला बसायचे पाट आणि देवघरापुढचा चौरंग होईल. हात बसवायलाही ते काम चांगलं, मोठ्या फळीला रंधा लावायच्या आधी.

आता मला दोन गोष्टी कळवा: वखार तुमच्यापासून किती लांब आहे आणि ओंडक्यापर्यंत जेसीबी येऊ शकतो का. त्यावरून बुंध्याचे तुकडे कसे पाडायचे ते सांगतो. तोवर कापलेली टोकं उघडी असतील तर आजच रंग लावून घ्या.